धोंड्याचा तंबू

"सगळ्यात जड काय आहे?" गोरक्षनाथ ठुब्यांनी विचारलं.

पूजाने हातातला तंबू खाली ठेवला. सावेडीतलं सायकलप्रवासाच्या सामानाचं दुकान चालवायला घेतल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते हलकं मागतच येतं. वस्तू जितकी हलकी तितकी महाग, आणि अजिबात नसली तर परवडतच नाही, अशी या धंद्याची रीत. वजन वाचवायला टूथब्रशची दांडी अर्धी कापणारे तिने पाहिले होते. त्यांची पोटंही पाहिली होती.

"काका, सायकलवर न्यायचंय ना? मग हा घ्या. दोन माणसांचा. हातात धरून बघा, कळतसुद्धा नाही."

गोरक्षनाथांनी तो हातात घेतला आणि नाराजीने परत केला. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. कळत नाही असं वजन त्यांना पटत नसे.

"कळायला पायजे," ते म्हणाले. "पार मांड्यांना कळायला पायजे."

"मांड्यांना?"

"माझ्या न्हाई. जावयाच्या."

पूजाने स्टूल पुढे सरकवलं. गोरक्षनाथ बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं. चालताना वाटेत माणसं भेटतात आणि बोलत बसावं लागतं, म्हणून ते सायकलकडे वळले. केडगावच्या सायकल मंडळात त्यांची काळी लोखंडी सायकल सगळ्यात जुनी होती, आणि घाटात सगळ्यात पुढे असे. गेल्या थंडीत मंडळ भंडारदऱ्याला निघालं. गोरक्षनाथांनी कॅरिअरवर सरकी पेंडीचं रिकामं पोतं बांधलं. त्यात वाकळ, स्टोव्ह आणि पितळी तांब्या होता. वरून उसाच्या ट्रॉलीची ताडपत्री टाकून सुतळीने आवळली. त्यांच्या मागून, गाडीत बसून, जावई अमृत आला.

अमृत शिर्डीत एका हॉटेलचा मॅनेजर होता. हॉटेलच्या जाहिरातीसाठी रील काढता काढता त्याला रील काढल्याशिवाय काही दिसेनासं झालं होतं. त्याच्याकडे स्वतःचीही सायकल होती, भारीतली, पण ती गॅलरीत टांगलेली असे आणि तिच्यावर टॉवेल वाळत. "मामा, गिअर पाहिजे हो," तो दर भेटीत म्हणायचा. "बॅगा, तंबू, सगळं प्रॉपर. गिअर असता ना, तर मी आत्तापर्यंत लडाख मारून आलो असतो."

त्या दिवशी त्याने गाडीच्या खिडकीतून सासऱ्याचा पाठमोरा रील काढला. डुलणारं पोतं, लोंबणारा तांब्या, खाली ढोलकी आणि वर अक्षरं: 'बिऱ्हाड ऑन व्हील्स'.

रील आधी भावकीत गेला, मग गावात, मग जिल्ह्यात. केडगावचा न्हावी म्हणाला, "या बिऱ्हाड, बसा." राळेगणला एका दहाव्याला गेले, तर मुंडण केलेल्या माणसाने वर पाहिलं, ओळखलं, आणि वडिलांच्या पिंडासमोर हसला. त्या दिवसापासून गोरक्षनाथांना ठुबे म्हणून कोणी हाक मारली नव्हती.

"मग जावयाला बोला की," पूजा म्हणाली.

"जावयाला?" गोरक्षनाथांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "तुझं लगीन झालंय का?"

"नाही."

"मग तुला न्हाई कळायचं. जावयाला बोलता येत न्हाई. जावयाला फक्त देता येतं." ते पुढे झुकले. "अन् आता ज्येष्ठात अधिक महिना लागतोय."

पूजाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, नारायण समजून पाय धुवायचे आणि वाण द्यायचं.

ती उठली आणि मागच्या खोलीतून शिडी घेऊन आली.

त्यानंतर दुकानात अशी खरेदी झाली की तशी पुन्हा होणे नाही. तंबू निघाला तो चार माणसांचा, लोखंडी खुंट्यांचा, मागच्या मालकाने कधीकाळी मागवलेला. झोपायची पिशवी दाखवताना पूजाने आधी सवयीने हलकी काढली. "आत बदकाची पिसं आहेत, काका."

"आमच्यात तुळशीची माळ हाय. जावाय बदकात झोपला तर सासू घरात घ्यायची न्हाई. दुसरी?"

दुसरी लोकरीच्या अस्तराची होती, हिमालयासाठी. मे महिन्यासाठी गोरक्षनाथांना ती योग्य वाटली. बिडाचा तवा घेतला. पाण्याची मोठी पिशवी घेतली. सायकलच्या दोन्ही अंगांना, दांडीला आणि सीटमागे लावायच्या बॅगा घेतल्या, सगळ्या नारिंगी, लांबून दिसणाऱ्या.

"दिसायला एकदम प्रॉपर आहे," पूजा म्हणाली. "कोणी नाव ठेवणार नाही."

"त्येच तर," गोरक्षनाथ म्हणाले.

घरी सत्यशीलाबाईंनी सगळा ढीग पाहिला. "अहो, लोक अंगठी देतात. ताट देतात. तंबू कोण देतं?"

"त्यांचीच हौस हाय. दर वेळी मागतात बिचारे."

"पण धोंड्याचं वाण जाळीदार लागतं. अनारसे, बत्तासे..."

"तंबूला जाळी हाय. डासांची."

सत्यशीलाबाईंनी तंबू उलगडून जाळी बोटांनी चाचपली. शास्त्राची अडचण मिटली. मग त्या बॅगांकडे वळल्या. "आणि या पिशव्या रिकाम्या द्यायच्या? जावयाच्या हातात? मी जिवंत असेपर्यंत नाही."

गोरक्षनाथांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत करत नाहीत. सत्यशीलाबाईंनी एका बॅगेत अनारशांचे डबे भरले, दुसरीत पुरणाचे धोंडे, तिसरीत आंबेमोहोर तांदूळ आणि गुळाची ढेप. उरलेल्या फटींत नारळ बसवले. गोरक्षनाथांनी एक बॅग उचलून पाहिली आणि बायकोकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर क्वचितच बघितलं असेल.

धोंड्याच्या दिवशी झाडून सगळी भावकी जमली. गोरक्षनाथांची थोरली बहीण कडूबाई खास पाथर्डीहून आली होती. तिला भावाने आदल्या दिवशीच फोन केला होता. अमृत आणि लेक राजनंदिनी पाटावर बसले. पाय धुतले, ओवाळलं, आणि गोरक्षनाथांनी नारिंगी ढिगावरची चादर ओढली.

अमृतचं तोंड उघडं राहिलं. सवयीने त्याने आधी फोन काढला. मग त्याच्या ध्यानात आलं, की या खेपेला चित्रात तोच आहे.

"मामा... अहो एवढं कशाला? हे... हे परत करता येईल ना?"

"वाण परत घेत न्हाईत," कडूबाई कडाडली. "अन् धोंड्याचं वाण महिना सरायच्या आत वापराया लागतं. न्हाईतर सासूला पाप लागतं!"

असं कुठल्याही पोथीत नव्हतं. पण कडूबाईला पोथी विचारायची कोणाची छाती नव्हती. सत्यशीलाबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या जावयाकडे अशा बघू लागल्या, की त्याचा पळायचा रस्ता चारी बाजूंनी बंद झाला.

"जा की," राजनंदिनी नवऱ्याला म्हणाली. "आता गिअर आहे."

ठरलं. अमृतची टांगलेली सायकल शिर्डीहून मागवून घेतली. फार लांब नाही. डोंगरगणवरून गोरक्षनाथ गड, वर तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. "माझ्याच नावाचा गड हाय," सासरा नम्रपणे म्हणाला. त्या संध्याकाळी त्याने लेकीकडून रील काढायला शिकून घेतलं.

"कुणाचा काढायचाय, बाबा?"

"निसर्गाचा."

राजनंदिनीने वडिलांकडे एकदा नीट पाहिलं, आणि अक्षरं कशी टाकायची तेही शिकवलं.

उजाडता उजाडता दोघं निघाले. गोरक्षनाथांच्या काळ्या सायकलवर फक्त एक पंचा होता. पुढे अमृत, चारी बाजूंनी नारिंगी, पोळ्याच्या बैलासारखा. नारळ एकमेकांवर आपटत होते. पिंपळगाव माळवी येईपर्यंत त्याच्या मानेवरून घामाचे पाट वाहत होते आणि मागे गोरक्षनाथ मनातल्या मनात अक्षरं जुळवत होते. अजून रील काढायचा नव्हता. घाई करायची नव्हती. चढावर, पाय टेकला की मग. त्या क्षणासाठी ते थंडीपासून थांबले होते.

डोंगरगणला रंगुबाईच्या टपरीवर चहाला थांबले. अमृत बाकावर कोसळला.

"पाव्हनं कुठलं?" रंगुबाईने विचारलं.

"मी यांचा जावई," अमृत धापा टाकत म्हणाला. "धोंड्याला आलोय."

रंगुबाईने चहाची गाळणी खाली ठेवली. नारिंगी सायकल पाहिली. पंचा बांधलेली सायकल पाहिली. मग गोरक्षनाथांना पाहिलं.

"अगं बया! धोंड्याचा जावाय, साक्षात नारायन, अन् त्याच्यावर ह्ये वझं? अन् तुमी रिकामं? लाज वाटती का, म्हातारबाबा?"

"वाण हाय ते. त्यास्नीच दिलंय."

"दिलंय म्हंजी वाहाया लावायचं व्हय? आहेरात म्हस दिली तर ती जावायाच्या खांद्यावर द्याल?"

टपरीवरची चार माणसं हसली. त्यातल्या एकाने गोरक्षनाथांकडे निरखून पाहिलं. "आरं, ह्ये तर बिऱ्हाड!"

काही इलाज नव्हता. गोरक्षनाथांनी तांदळाची बॅग आपल्या कॅरिअरवर घेतली. अमृतने चहाचा घोट घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरलं. हॉटेलात सीझनला एकच खोली शिल्लक असताना गिऱ्हाईक आलं, की मॅनेजरच्या चेहऱ्यावर पसरतं तसं.

पुढे दिसेल त्या माणसाजवळ तो थांबू लागला. विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायका दिसल्या. "नमस्कार मावशी! मी जावई. धोंड्याला आलोय." अनारशांची बॅग गोरक्षनाथांकडे आली. शेळ्या वळणारा म्हातारा दिसला. "बाबा, मी जावई हो!" बिडाचा तवा आला. देवळाच्या पारावर भजनी मंडळ भेटलं, तिथे तंबू आणि झोपायची पिशवी एकदमच आली, आणि वर मृदंगवाल्याचा उपदेशही. एका वळणावर कोणीच नव्हतं, तर अमृत एक दुचाकीवाला येईपर्यंत थांबून राहिला.

गडाच्या पायथ्याला पोचले तेव्हा अमृतच्या सायकलवर पाण्याची बाटली उरली होती. उरलेलं सगळं काळ्या सायकलवर होतं. लोखंडी खुंट्या. बीड. लोकर. नारळ. बॅगांना तिथे अडकवायला जागा नव्हती, म्हणून सगळं सुतळीने आवळलं होतं. सुतळी रंगुबाईने दिली होती. फुकट.

गोरक्षनाथांना आपलेच शब्द ऐकू आले. सगळ्यात जड काय आहे?

"मामा, झेपेल ना?" अमृतने फोन वर धरला. "एक मिनिट, असेच उभे राहा. पार्ट टू होऊन जाऊ दे."

गोरक्षनाथांनी पंचा डोक्याला बांधला, पॅडलवर उभे राहिले आणि निघाले. एवढा माल त्यांच्या मांड्यांनी आयुष्यात ओढला नव्हता. पण त्यांच्याजवळ थंडीपासून साठवलेला राग होता, आणि तो बॅगेत भरावा लागत नाही. पहिल्या वळणावर न्हावी आठवला. दुसऱ्यावर दहाव्यातला मुंडण केलेला माणूस. चढ अगदीच अंगावर आला तेव्हा 'पार्ट टू' आठवलं. मग चढ संपलाच.

वर देवळाच्या कठड्याला सायकल टेकवून ते आधी पाणी प्यायले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

अमृत नव्हता.

ते कठड्यापाशी गेले. खाली, पहिल्या वळणाच्या जरा पुढे, एक माणूस सायकल हाताने ढकलत येत होता. रिकामी सायकल. चार पावलं चालायचा, थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा. एकदा तो सायकलच रस्त्यावर आडवी टाकून तिच्याशेजारी बसला. फोन काढून तो लडाखचं काही बघत होता की काय, ते एवढ्या उंचीवरून दिसत नव्हतं.

गोरक्षनाथांच्या मनात जो रील होता, त्यात ओझ्याखाली दबलेला जावई होता. त्याला लोक बिचाराच म्हणाले असते, हे त्यांना आत्ता कळलं. रंगुबाईसारख्या बायकांनी वर शिव्याही दिल्या असत्या. ओझ्याखाली कोणीही दमतो. बिनओझ्याचा दमायला कर्तबगारी लागते.

त्यांनी फोन काढला आणि लेकीने शिकवलं तसं केलं. आधी काळी सायकल, सुतळीसकट, नारळांसकट, देवळाच्या कळसाखाली. मग सावकाश कॅमेरा खाली: वळण, रस्ता, रस्त्यावर बसलेला नारायण. खाली ढोलकी. वर अक्षरं टाकताना त्यांनी चष्मा पुसून घेतला:

'बिऱ्हाड पोचलं. जावईबापू येताहेत.'

भावकीच्या ग्रुपवर टाकला. सायकल मंडळावर टाकला. राजनंदिनीला पाठवला. पहिला हसरा चेहरा तिचाच आला. दुसरा शिर्डीहून आला, हॉटेलच्या मालकाचा. तो कसा काय, असं गोरक्षनाथांना वाटलं, पण रील पुढे पाठवण्यात लेकीचा हात मोकळा होता, हे त्यांना माहीत होतं.

अमृत वर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि त्याचा फोन खिशात सारखा थरथरत होता. त्याने तो काढला, बघितला, आणि जो काही रंग चढाने तोंडावर आणला होता तोही गेला.

"मामा," तो म्हणाला. त्याचा आवाज फार बारीक झाला होता. "मामा, हे डिलीट करा. प्लीज. हॉटेलचा स्टाफ बघतोय हो."

गोरक्षनाथांनी शांतपणे सुतळी सोडली, डबा उघडला आणि दोन्ही हातांनी, मानाने, जावयापुढे अनारसा धरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "वाण परत घेत न्हाईत."