जिभेचा नियम

जीवशास्त्राच्या बाईंना वर्गातल्या एकाही पोराकडून कसलीही आशा नव्हती, आणि हे त्यांनी कधी लपवूनही ठेवलं नव्हतं. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" हे त्या आनुवंशिकतेच्या धड्याला हात घालायच्या आधीपासून, वर्षाच्या पहिल्या तासापासून म्हणत आलेल्या. मुलांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत त्या पडत नसत. खिडकीशी बसणारा लांबलचक पोरगा म्हणजे खांब, पेन्सिलीचं टोक कुरतडणारी मुलगी म्हणजे खार, आणि शेवटच्या बाकावरची, जिने वर्षभरात आपणहून तोंड उघडलं नव्हतं, ती मुकी. शिक्षकांच्या खोलीत त्या रसायनाच्या सरांना सांगत, की आपण आयुष्यभर दगडांना पाणी घालत आलो. सर मान डोलावत. ते स्वतःही दगडच आहेत असं बाईंचं मत होतं, पण निदान ते ऐकून तरी घेत.

त्या आठवड्यात अर्धगुणसूत्री विभाजन चाललं होतं. बाईंनी घरून मोज्यांच्या जोड्या आणल्या होत्या. जोडीतला एक मोजा आईकडून आलेला, दुसरा बापाकडून. पेशी विभागताना जोडी फुटते, एक मोजा इकडे जातो, एक तिकडे, म्हणून अपत्याला दोघांचं अर्धंअर्धं मिळतं. इतकं सोपं करून सांगितल्यावर खांबाने हात वर केला.

"बाई, मोजे धुतलेत का?"

"तुझ्या डोक्यापेक्षा स्वच्छ आहेत. बस खाली."

मग आला जिभेचा नियम. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता येणं हा प्रभावी गुण. आईबाप दोघांनाही ते जमत नसेल, तर मूल ते करूच शकत नाही. बाईंनी फळ्यावर चौकोन आखला, अक्षरं भरली, आणि सगळ्यांना जिभा काढायला लावल्या. सगळा वर्ग एकमेकांना वेडावू लागला. आपापल्या जिभेत गुंतलेल्या त्या गर्दीत बाईंची नजर मुकीवर गेली. तिची जीभ छान वळली होती, पुस्तकातल्या चित्रापेक्षाही नीट.

हा नियम खोटा आहे हे बाईंना ठाऊक होतं. मागे एका वर्षी वर्गात दोघी जुळ्या होत्या, एका साच्यातून काढल्यासारख्या. एकीची जीभ वळली, दुसरीची काही केल्या वळेना. "तू खाली बस, गोंधळ घालू नकोस," असं बाईंनी दुसरीला सुनावलं होतं. नंतर त्यांनी वाचून पाहिलं, तर शास्त्रज्ञांनी हा नियम केव्हाच मोडीत काढला होता. पण पाठ्यपुस्तकात तो होता आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. खरं सांगून या पोरांचं काय भलं होणार होतं? गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. बाई नियम शिकवत राहिल्या.

"घरी जाऊन आईबापांच्या जिभा बघून या," त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुकीने हात वर केला. वर्षातला पहिलाच. "बाई, आई-बाबा दोघांनाही येत नाही. आणि माझी वळते."

या न जुळण्याचं खापर बाईंनी नियमावर फोडायला हवं होतं. पण तास संपत आला होता, आणि वर्ग हसवायची आयती संधी त्यांना सोडवली नाही.

"मग घरी विचार, तुला कुठून उचलून आणलं ते!"

वर्ग खिदळला. बाईसुद्धा हसल्या. मुकी खाली बसली.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचे आईवडील शिक्षकांच्या खोलीत आले. वडिलांचं फोटोचं दुकान होतं. शाळेतल्या निम्म्या पोरांचे ओळखपत्रावरचे फोटो त्यांनीच काढलेले. फोटोवाल्याला आनुवंशिकतेतलं काय कळणार, असं मनात म्हणत बाईंनी खुर्ची पुढे केली. बाप बसला नाही. आई दाराशीच उभी राहिली, आणि तिच्यामागे मुलगी.

"बाई, हिने येऊन विचारलं, मी तुमचीच ना," तो म्हणाला. "मी म्हटलं, जीभ दाखव. तेव्हापासून ही तोंड उघडत नाही. दिवसभर मी लोकांचे चेहरे बघतो. आता घरी गेलो की हिचा बघत बसतो. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची. घास उतरत नाही घशाखाली."

"मीच म्हटलं, बाईंना विचारा," आई म्हणाली. "घरात कुणी कुणाशी बोलत नाही हो. त्या सांगतील ते ऐका म्हटलं यांना."

बाईंनी एकदाची खरी गोष्ट सांगितली. तो नियम चुकीचा आहे, तशी खूप मुलं असतात, यात तुमच्या बायकोचा काडीचाही दोष नाही. जुळ्या बहिणींचं उदाहरणही दिलं. आई पदराच्या टोकाने डोळे टिपत ऐकत होती. बाप बाईंकडे एकटक बघत होता.

"पुस्तकात हाच नियम छापलाय ना?"

"छापलाय."

"परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत... पुस्तकातलंच."

"म्हणजे खरं लिहिलं तर शून्य, आणि खोटं लिहिलं तर मार्क." तो हसला, पण त्याचा चेहरा हसला नाही. "अख्ख्या वर्गापुढे तुम्ही एक बोललात आणि आता खोलीत आम्हाला दुसरं सांगता. पोरीला हसलात, अंगाशी आलं, म्हणून सारवासारव चाललीय. मी कशावर विश्वास ठेवू, बाई?"

जन्मभर सगळ्यांना बिनडोक म्हणणाऱ्या बाईंना या माणसाचं म्हणणं तर्काला धरून आहे हे मनाशी कबूल करावं लागलं. "मी वर्गात सांगते," त्या म्हणाल्या. "उद्याच सांगते. सगळ्यांसमोर."

तो निघून गेला. आई मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी बाई खडू न उचलताच बोलल्या. "मी शिकवलेला जिभेचा नियम चूक आहे. पुस्तकातही चूक आहे."

"मग परीक्षेत काय लिहायचं?" खांबाने विचारलं.

"आधी पुरावा बघा." त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. "ऊठ बाळा. जीभ वळवून दाखव."

मुलगी उठली. "मला येत नाही, बाई."

"येते. मी स्वतः बघितलीय."

"नाही बाई. मी सगळ्यांना हसवायला खोटं बोलले होते. काल बाबांनाही सांगितलं तसं." ती एका दमात बोलत होती. "बाबा खूप ओरडले. पण मग जेवायला बसले. आईला पण बस म्हणाले."

"म्हणजे नियम बरोबरच आहे!" खार ओरडली.

बाईंनी मुलीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते. आपण आणखी एक शब्द बोललो, तर खरं बाहेर येणार होतं, आणि आज फोटोवाल्याच्या घरात पुन्हा ताटं तशीच राहणार होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंना खरं शिकवायचं होतं, आणि ते आता शिकवता येत नव्हतं. आजवर दुसऱ्यांसाठी जपून ठेवलेली सगळी तुच्छता त्यांना स्वतःबद्दल वाटली.

"बाई, मग कुठलं बरोबर?" खांबाने पुन्हा विचारलं.

"पुस्तकातलं," बाई म्हणाल्या. "माझीच चूक झाली. लिहून घ्या."

त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर पुन्हा तो चौकोन आखला. वर्ग माना खाली घालून उतरवू लागला. शेवटच्या बाकावर तीसुद्धा लिहून घेत होती.