अडुसष्ट मीटरवरची भिंत

उत्तरानं कर्सर त्या टोकदार उंचवट्यावर आणला, अलीकडची-पलीकडची जागा निवडली आणि डिलीट दाबलं. स्क्रीनवरची रेघ सपाट झाली. हा दोनशे बारावा. हेडफोन कानांवर दाबून तिनं तो तुकडा पुन्हा ऐकला. ढोल, टाळ्या, चार-पाचशे माणसांचा घोष, परत ढोल. मधला ‘ठण्’ नाहीसा झाला होता.

“गेला एकदाचा!”

ओट्यापाशी आलं किसणारा श्रीहर्ष गर्रकन वळला. “कोण गेलं?”

२०२०चा जून होता. त्या दिवसांत हा प्रश्न कुणी सहज विचारत नसे.

“माणूस नाही रे. प्रतिध्वनी.”

“मग तसं सांग ना, बाई. सकाळी सकाळी काळजाचा ठोका चुकवतेस.” त्यानं आलं पातेल्यात टाकलं. “आणि कुणाचा प्रतिध्वनी? त्या तुझ्या जपानी टीमचा? तळाची लीग, त्यातही तळाची टीम!”

“खालून तिसरी.”

“वा! अभिनंदन.”

एनस्खेडेच्या विद्यापीठात उत्तरा ध्वनिशास्त्रात मास्टर्स करत होती आणि श्रीहर्ष पाण्याच्या नियोजनावर पीएचडी. खोल्या वेगवेगळ्या, स्वयंपाकघर एक. मार्चमध्ये प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि उत्तराचा अर्धा झालेला प्रयोग आत अडकून पडला. ऑगस्टमध्ये पदवी हातात आली, तरच लायडनच्या सायन्स पार्कमधली नोकरी एक सप्टेंबरला सुरू होणार होती. उशीर झाला तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार, हे त्या कंपनीनं अतिशय नम्रपणे, पण दोनदा कळवलं होतं.

तेवढ्यात मिनाहामाहून मेल आली होती. जपानच्या समुद्रकाठच्या या लहानशा गावात उत्तरानं आदल्या वर्षी चार महिने काढले होते, तिथल्या विद्यापीठात एक सत्र शिकायला म्हणून. दर पंधरा दिवसांनी रविवारी ती गावातल्या फुटबॉल क्लबचा सामना बघायला जायची. क्लब व्यावसायिक असला, तरी तिसऱ्या श्रेणीतला. गोलकीपर सकाळी घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवायचा. क्लबचे मोरिता तिकिटं फाडायचे, मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचे आणि माइकवर खेळाडूंची नावंही पुकारायचे. गोलामागच्या गवताच्या उतारावर, ढोलवाल्याशेजारी मायक्रोफोन उभा करून उत्तरानं सहा सामन्यांचा आवाज मुद्रित केला होता. उपयोग काय, हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

यंदा मार्चमध्ये सुरू होणारा त्यांचा मोसम साथीमुळे पुढे पुढे ढकलला गेला. आता जूनच्या शेवटच्या शनिवारी पहिला सामना ठरला होता. प्रेक्षकांना मात्र बंदी. रिकाम्या मैदानात खेळाडूंना आपल्या माणसांचा आवाज तरी मिळावा, म्हणून मोरितांना तिची मुद्रणं हवी होती. ती लाउडस्पीकरवर लावायची, नीट साफ करून.

उत्तरानं त्यातूनच प्रबंध उभा केला. मुद्रणांत एक खटकणारी गोष्ट होती. ढोलाच्या प्रत्येक ठोक्यामागून, ०.४ सेकंदांनी, धातूचा एक ‘ठण्’ यायचा. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. ०.४ सेकंदांत १३६ मीटर, म्हणजे जायला अडुसष्ट आणि यायला अडुसष्ट. तिनं उपग्रहाचा नकाशा उघडून मायक्रोफोनच्या जागेपासून अडुसष्ट मीटर मोजले. उताराच्या मागे, रस्त्यापलीकडे, तिथे बरोबर एक लांबलचक भिंत होती, पत्र्याच्या गोदामाची असावी अशी. त्या दिवशी तिनं आनंदानं टेबलावर मूठ आपटली होती. प्रबंधाचं चौथं प्रकरण असं जन्माला आलं: ‘गोदामाच्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी आणि त्याचं निर्मूलन’.

सामन्याच्या उत्तरार्धात ते अंतर थोडं वाढायचं. ते तिनं वाऱ्यावर ढकललं. एकदा, फक्त एकदा, चौथ्या सामन्याच्या एकाहत्तराव्या मिनिटाला, ‘ठण्’ सगळ्या आवाजाच्या आधी आला होता. ती नोंद तिनं वगळलेल्या नोंदींच्या तक्त्यात टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘मापनातील चूक’. तिच्या प्राध्यापिका मारायके यांना ते प्रकरण फार आवडलं. “याच्यावरच तुझी पदवी उभी आहे,” त्या म्हणाल्या होत्या.

साफ केलेली फाइल पाठवल्यावर आठवड्यानं मोरितांचा व्हिडिओ कॉल आला.

“आवाज फार स्वच्छ आहे, उत्तरा-सान. काल सरावाला लावला. सगळ्यांना आवडला.” मोरिता जपून जपून इंग्रजी बोलत. मग ते थांबले. मिनाहामातल्या चार महिन्यांत उत्तराला एवढं कळलं होतं, की खरं बोलणं या थांबण्यानंतर येतं.

“एक विचारू का? आमचा गोलकीपर विचारत होता, ओकुबो-सान आज का नाहीत?”

“ओकुबो-सान कोण?”

“झाकणवाले.” मोरितांनी एक हात आडवा धरून दुसऱ्यानं त्यावर ठोकल्यासारखं केलं. “पातेल्याचं झाकण आणतात. लाकडी पळीनं वाजवतात. तुमच्या मायक्रोफोनपासून दोन हातांवर बसायचे.”

उत्तराला आठवलं. निळी कानटोपी घातलेले एक आजोबा. एकदा त्यांनी तिला संत्रं दिलं होतं. त्यांच्या मांडीवर काय होतं, ते तिनं बघितलंच नव्हतं. तिचं लक्ष यंत्राच्या काट्याकडे होतं.

“पण ते... ढोलानंतर का वाजवायचे?”

“त्यांना ऐकू येत नाही. जहाजांच्या गोदीत चाळीस वर्षं पत्रे ठोकले. ढोलवाल्याचे हात बघून वाजवतात. म्हणून थोडा उशीर.”

“०.४ सेकंद.” उत्तराच्या तोंडून गेलं.

“हो का? आम्ही कधी मोजलं नाही.” मोरिता हसले.

“कसे आहेत ते?”

“तब्येत बरी आहे. ब्याऐंशी वर्षांचे. फेब्रुवारीपासून घराबाहेर पडलेले नाहीत. मुलगी ओसाकात असते, तिनं बजावलंय. घर जवळच आहे, आम्ही दाराशी किराणा ठेवतो. फोनचा उपयोग नाही, म्हणून चिठ्ठी लिहितो. पहिल्या सामन्याची वेळही कळवलीय.” ते पुन्हा थांबले. “उत्तर नाही आलं.”

कॉल संपल्यावर उत्तरानं वगळलेल्या नोंदींचा तक्ता उघडला. एकच ओळ होती त्यात. चौथा सामना, एकाहत्तरावं मिनिट. तिनं क्लबच्या संकेतस्थळावर त्या सामन्याची चित्रफीत शोधली. एकाहत्तराव्या मिनिटाला गोल झाला होता. सहा सामन्यांत उताराकडच्या बाजूला झालेला तेवढा एकच. चेंडू जाळ्यात जाताना बघायला कुणाच्या हातांकडे पाहावं लागत नाही.

तिनं लॅपटॉप मिटला.

“चहा गार झाला,” श्रीहर्ष म्हणाला. “काय झालं? आवडलं नाही त्यांना?”

“मी एका माणसाला पुसून टाकलं, श्री. दोनशे बारा वेळा. आणि वर त्याची भिंत केली.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची उलटी फिरवून बसला. “हे बघ. फाइलमध्ये झाकण परत घाल, मोरितांना पाठवून दे. प्रश्न मिटला. चौथ्या प्रकरणाचं मारायकेला कोण सांगणार आहे? ती थोडीच मिनाहामाला जाऊन बघणार?”

“आणि प्रबंधात भिंत?”

“भिंत आहेच की तिथे! तू खोटं कुठे लिहिलंयस?” तो जरा खाली वाकला. “अगं, चार आठवडे राहिलेत. प्रकरण काढलंस तर उरतं काय? लायडनवाले थांबणार नाहीत तुझ्यासाठी.”

उत्तरा उठली. सिंकमध्ये रात्रीचं पातेलं होतं. त्याचं झाकण धुऊन, पुसून तिनं ते डाव्या हातात धरलं आणि चमच्यानं एकदा वाजवलं. ठण्. स्वर थोडा वरचा होता, पण जात तीच.

“कुठलाच प्रतिध्वनी सामना संपत आल्यावर दमत नाही रे,” ती म्हणाली. “मला दिसत होतं, ते दमत होते. मी वारा लिहिला.”

दुसऱ्या दिवशी मारायकेंना तिनं सारं सांगितलं. वेबकॅमसमोर मारायके बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिल्या. डच माणूस आडपडदा ठेवत नाही, याची उत्तराला दोन वर्षांत सवय झाली होती.

“प्रकरण सुंदर होतं,” त्या म्हणाल्या. “साफ चुकीचं, पण सुंदर. काढून टाक.”

“मग मुदत वाढवून...”

“ते मी कुठे म्हटलं? प्रतिध्वनी आणि माणूस यांतला फरक मुद्रणातून कसा ओळखायचा, ते लिही. तुझ्याकडे सगळी माहिती आहे. तूच ती बाजूला ठेवलीस. दहा जुलैला दे. जमलं तर वाचेन, नाही जमलं तर फेब्रुवारीत भेटू.” टोपण मिटलं. “आणि उत्तरा, सायकलवर एक चक्कर मारून ये. चेहरा कसा झालाय!”

पुढचे पंधरा दिवस उत्तरानं दिवसाचे बारा-बारा तास काम केलं. आधी दोनशे बाराच्या दोनशे बारा ठोके जागच्या जागी परत बसवले, उशिरासकट, दमण्यासकट. फाइल पाठवली. मग कोरं चौथं प्रकरण उघडलं. श्रीहर्ष कुरकुरत का होईना, तिच्या वाटणीचा स्वयंपाक करत राहिला. “तुझ्या त्या आजोबांना सांग,” तो म्हणे, “की इथे एक माणूस रोज वरण-भात लावतोय त्यांच्या नावानं.”

शनिवार उजाडला तेव्हा प्रकरणाची नऊ पानं अजून लिहायची होती. जपानात संध्याकाळचे पाच, एनस्खेडेत सकाळचे दहा. श्रीहर्षनं पोह्यांच्या बश्या आणून लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली.

“इथली लीग एप्रिलमध्येच गुंडाळली,” तो म्हणाला. “तेव्हा आज मीपण मिनाहामावाला. आपले कुठले? पिवळे?”

“पिवळे.”

पडद्यावर रिकामा उतार दिसत होता. गवत कुणीतरी नुकतंच कापलं होतं. प्रेक्षकांच्या जागी पुठ्ठ्याच्या चौकोनांवर लोकांचे फोटो उभे केले होते. मैदानाच्या कडेला छत्रीखाली, मास्क लावलेले मोरिता ध्वनियंत्राशी बसले होते. लाउडस्पीकरमधून ढोल वाजला, आणि मागून ०.४ सेकंदांनी, ठण्. पिवळ्यांच्या गोलकीपरनं हातमोजे एकमेकांवर आपटले.

पूर्वार्धात काही घडलं नाही. पिवळे धावत होते, पडत होते. उत्तरार्धात, अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला, उताराच्या बाजूला पिवळ्यांना फ्री-किक मिळाली. मोरितांनी आवाज बंद केला. अशा वेळी मिनाहामाचे प्रेक्षकही गप्प व्हायचे, म्हणून तसं उत्तरानंच त्यांना सुचवलं होतं. इतकी शांतता झाली, की बूट गवतात रुतल्याचा आवाज आला. चेंडू भिंत करून उभ्या असलेल्या खेळाडूंच्या डोक्यांवरून वळला आणि जाळ्यात गेला.

ठण्.

मग एक क्षण काहीच नाही. आणि मग लाउडस्पीकरमधून घोष.

श्रीहर्ष बशी सावरत ओरडला. उत्तरा हलली नाही. फोन थरथरला. मोरितांचा मेसेज होता.

‘माफ करा, बटण उशिरा दाबलं. पण झाकण माझ्याआधी वाजलं. तुम्ही फाइलमध्ये काही बदललंत का?’

उत्तरानं नकाशा उघडला. तीच जागा, तीच लांबलचक भिंत. तेव्हा अडुसष्ट भरले म्हणून ती तिथेच थांबली होती. आता तिनं त्याच जागेचं रस्त्यावरून टिपलेलं चित्र उघडून मोठं केलं. आणखी मोठं. राखाडी पट्टीचे मजले झाले. मजल्यांवर अरुंद बाल्कन्या उमटल्या, आणि त्यांत वाळत घातलेले कपडे.

‘नाही,’ तिनं लिहिलं. ‘उताराच्या मागची, रस्त्यापलीकडची इमारत आहे ना, तिच्या बाल्कन्यांकडे एकदा बघाल का?’

उत्तर आलं नाही. खेळ पुन्हा सुरू झाला. दोनेक मिनिटांनी चेंडू बाहेर गेला, कॅमेरा त्याच्यामागे कडेपर्यंत आला, तेव्हा छत्रीखालची खुर्ची रिकामी होती. मोरिता सामन्याकडे पाठ करून, उताराकडे तोंड करून उभे होते. लाउडस्पीकर बंद होता. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हवेतच, सगळ्या गावाला दिसावा असा, एक मोठा ढोल वाजवला.

“हा काय करतोय?” श्रीहर्षनं विचारलं. “याला ऊन लागलं की काय?”

“श्श,” उत्तरा म्हणाली.

आवाज आला. थोडा उशिरा आला. किती उशिरा, ते तिनं मोजलं नाही.