आधी टपली, मग हात

सापाचं मुंडकं तोडलं तरी ते लगेच मरत नाही, हे ब्रॉनीला सातव्या वर्षीच कळलं होतं.

स्वयंपाकघराच्या पायरीवर तिच्या बापाने, कॉलने, एका किंग ब्राउनचे, म्हणजे तिकडच्या जहाल विषारी सापाचे, फावड्याने चार तुकडे केले होते. पहिले तीन घाव कामाचे. चौथा उगाच, पाचवा रागाचा, सहावा कशाचा ते त्याचं त्यालाच माहीत. सिमेंटवर लोखंड आपटत होतं आणि दर आवाजासरशी ब्रॉनीच्या अनवाणी पायांवर काहीतरी ओलं उडत होतं. मग सगळं शांत झालं, म्हणून त्यांचा गुरं राखणारा कुत्रा ते मुंडकं हुंगायला पुढे झाला, आणि मुंडक्याने त्याचा ओठ धरला. धड दोन हात लांब पडलेलं, पण जबडा आपलं काम करत राहिला. कुत्रा दुपारपर्यंत गेला. कॉल रडला नाही. त्याने फावडं नळाखाली धुतलं, आणि कुत्र्यासाठी खड्डा खणायलाही तेच घेतलं.

पुढे ब्रॉनीने माउंट आयझा या ऑस्ट्रेलियातल्या खाणींच्या गावात स्वतःचं घर केलं, तेव्हा तिच्या मागच्या दाराशी एक नवंकोरं, लांब दांड्याचं फावडं त्याने आणून उभं केलं. "भांडीकुंडी बाकीचे लोक देतील," म्हणाला.

तर अशा बाईने घरात अजगर आणला, तो केवळ एडीमुळे.

एडी आठ वर्षांची. तिचा बाप दुसऱ्या खाणीवर गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला, तेव्हापासून पोरीने काही मागणंच सोडलं होतं. बूट चावायला लागले तरी सांगायची नाही. पायाला फोड आलेला आंघोळीच्या वेळी दिसायचा. आणि एक दिवस शाळेतून आली, दप्तर खाली न ठेवताच म्हणाली, "आई, मला अजगर पाळायचाय. नाही म्हणालीस तरी चालेल."

ते शेवटचं वाक्य ब्रॉनीने ऐकलं, आणि ती हो म्हणून गेली.

अजगर दिला रॉबिनने. रॉबिन गावातली जनावरांची डॉक्टर, रुंद खांद्यांची, तोंडाने फटकळ. लोकांनी अर्धमेले करून टाकलेले साप तिच्याकडे यायचे आणि तिच्याकडेच राहायचे. ही मादी मात्र तिच्या दवाखान्यातच अंड्यातून निघालेली. दीड मीटर लांब, अंगावर ठिपका नाही, पट्टा नाही; नुसता मातकट तपकिरी रंग. उन्हात धरली की तेवढी त्यावर तेलासारखी झाक यायची. एडीने तिचं नाव ठेवलं मॅव्हिस.

"साप पाळायचा परवाना तुझ्या नावावर आहे, म्हणजे साप तुझा," रॉबिन ब्रॉनीला म्हणाली. "पोरगी शिकेल, तिची काळजी नाही. पण रात्रीबेरात्री काही झालं तर तुला हिला उचलता आलं पाहिजे. महिन्याने मी घरी येईन. माझ्यासमोर उचललीस तर राहील. नाही तर मी परत नेईन. घाबरत घाबरत साप पाळणं म्हणजे सापाचा छळ, आणि तुझाही."

मग तिने टपली शिकवली. टोकाला आकडा असलेली एक पातळ सळई. सापाची राहायची पेटी उघडली की आधी त्या आकड्याने मॅव्हिसच्या अंगावर हलकेच टप् टप् करायचं. टपली बसली की तिला कळतं, हे खाणं नाही, माणूस आहे. टपली न देता हात घातला तर ती आधी धरते, विचार मागून करते. आधी टपली, मग हात. आणि उंदराचा वास असलेला हात तर कधीच नाही.

एडी पहिल्याच दिवशी तिला गळ्यात घालून गृहपाठाला बसली. ब्रॉनी तीन आठवडे टपलीपर्यंत जायची आणि थांबायची. हात चार बोटं वर तरंगत राहायचा.

"आई, श्वास घे," एडी सांगायची. "तू श्वास घेत नाहीस."

"घेतेय गं."

"नाही घेत. तुझे ओठ पांढरे झालेत."

खायला देणं तर त्याहून वाईट. चिमट्यात मेलेला उंदीर धरून पुढे करायचा. मॅव्हिस जागची हललेली दिसायचीच नाही. नुसता धप्प आवाज यायचा, आणि उंदीर वेटोळ्यात. एकदा नेम चुकला आणि ती चिमट्याच्या पोलादावरच आदळली. दात मोडला, तोंडातून रक्त आलं, तरी सोडेना. मग उंदीर सापडला तेव्हा असा आवळला, की त्याच्या नाकातून लाल थेंब आला. ब्रॉनी भिंतीला पाठ लावून उभी.

"तो तर मेलेलाच आहे," ती कशीबशी म्हणाली.

"तिला कुठे माहितीय?" एडी मायेने म्हणाली. "ती बिचारी मेलेल्यालाच दर वेळी नव्याने मारते."

चौथ्या आठवड्यात ब्रॉनीने एक बोट मॅव्हिसच्या पाठीवर चार सेकंद टेकवलं. एडीने कॅलेंडरवर तारा काढला. पण बोट टेकवणं म्हणजे उचलणं नव्हे, हे दोघींना कळत होतं. रॉबिन यायच्या आदल्या दिवशी एडीने मॅव्हिसचं पाण्याचं भांडं, तिची पोकळ लाकडाची ढोली, सगळं घासूनपुसून एका खोक्यात भरून ठेवलं.

"हे कशाला?" ब्रॉनीने विचारलं.

"असू दे. नेताना सोपं जाईल त्यांना."

पोरीच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच तर ब्रॉनीला सोसेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. रॉबिन चारला येणार होती. दोनच्या सुमारास ब्रॉनीने संध्याकाळचा उंदीर फ्रीझरमधून काढून कोमट पाण्यात टाकला, आणि वितळला का बघायला न विचार करता हातानेच दाबून पाहिला. एडी पेटी धुवायला काढून मॅव्हिसला घेऊन मागच्या गवतावर बसली होती. हिवाळ्यातलं ऊन, बरं वाटणारं.

तेवढ्यात मागचं फाटक वाजलं. कॉल रविवारचे सॉसेज घेऊन आला होता.

अजगराचं त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. फोनवर सांगितलं होतं. "अजगर ना? तो नक्षीचा?" तो म्हणाला होता. "मग ठीक. गरीब जात. पण मला दाखवू नकोस." या भागात लहानाचं मोठं झालेल्या माणसाचा हिशेब साधा: नक्षी असली तर अजगर, नुसता तपकिरी असला तर किंग ब्राउन. नातीच्या उघड्या पायाशी त्याला नुसता तपकिरी साप दिसला.

ब्रॉनीला खिडकीतून सॉसेजची पिशवी खाली पडलेली दिसली. मग मागच्या दाराशी लोखंड खरवडल्याचा आवाज आला.

तो आवाज तिच्या कानांच्या आधी तिच्या पायांना कळला. ती धावली. तळव्यांना गवत लागेस्तोवर पहिला घाव पडला होता. एडी किंचाळली, "पॉप, नको!" आजोबांना ती पॉप म्हणायची. पण तो ऐकण्यापलीकडे गेला होता. डोळे तसेच, पायरीवरचे. एका हाताने त्याने नातीला बाजूला भिरकावलं. ती कुंपणावर आपटली. फावड्याची कड मॅव्हिसच्या शेपटीकडच्या भागात घुसून निघाली होती आणि गवतावर लाल ओरखडा उमटला होता. मॅव्हिस पिळवटली, उलटली, तिचं दुधी पोट वर आलं. फावडं पुन्हा वर गेलं.

ब्रॉनी सापावर पडली. ठरवून नाही, सुचून नाही. रांगती एडी एकदा उकळत्या किटलीच्या वायरीला लोंबकळली होती, तेव्हा ती जशी एडीवर पडली होती, तशीच.

कॉलने शेवटच्या क्षणी मनगट वळवलं म्हणून कड नाही, फावड्याचा सपाट भाग तिच्या डाव्या हातावर बसला. काहीतरी आतून कटकन वाजलं. आणि त्याच वेळी, टपली नाही, काही नाही, वर उंदराच्या वासाचा उजवा हात तोंडापाशी आलेला. मॅव्हिसने तो धरला.

अंगठ्याखाली एकदम सगळे दात. मग कोपरापर्यंत वेटोळी, एकावर एक, आवळत. बोटं निळी पडायला लागली. रक्त मनगटावरून, मॅव्हिसच्या जबड्यावरून, गवतावर. कुणाचं कुठलं ते कळेना.

"सोड त्याला!" कॉल ओरडत होता. "हात झटक! मी तोडतो त्याला, हात लांब धर!"

"बाबा," ब्रॉनी म्हणाली, "फावडं खाली टाक."

"अगं, विष..."

"अजगर आहे ती. फावडं टाक, नाही तर माझ्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा ती बापाशी या आवाजात बोलली असेल. फावडं पडलं.

एडी उठून जवळ आली. कपाळ खरचटलेलं, पण आवाज स्थिर. "आई, ओढू नकोस. दात आतल्या बाजूला वळलेले असतात. ओढलंस तर तुझं मांस फाटेल आणि तिचे दात तुटतील."

"नाही ओढत."

"श्वास घे."

ब्रॉनीने श्वास घेतला. मॅव्हिसचे डोळे तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. त्यात राग नव्हता, ओळख नव्हती, काहीच नव्हतं. एक भेदरलेला जीव, समोर आलं ते घट्ट धरून बसलेला. हे धरणं तिला माहीत होतं. जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी एडीने तिचे केस असेच मुठीत धरले होते आणि नर्सला एकेक बोट उकलावं लागलं होतं.

एडीने आतून सॅनिटायझरची बाटली आणून जबड्याच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडला. मॅव्हिसने तोंड वाकडं केलं, आणि हळूच सोडलं. भोकांतून रक्त भळाभळा वाहिलं. ब्रॉनीने त्याच हाताने तिला डोक्यामागे धरलं. तान्ह्या बाळाची मान धरतात तितपतच. बाकीचं धड हातावर आवळलेलंच राहिलं.

"भांडी पुसायचं फडकं आण. तिच्या जखमेवर दाब. बाबा, गाडी काढ. रॉबिनकडे जायचंय."

"आधी तुला इस्पितळात..."

"गाडी काढ म्हटलं ना."

पुढच्या सीटवर तिघं आणि साप. मधे ब्रॉनी, खिडकीशी एडी, फडकं दाबून. कॉल दाराला इतका चिकटून बसला होता, की अर्धा गाडीबाहेर वाटत होता.

"तिचं तोंड तिकडे कर," तो म्हणाला.

"तिकडे एडी बसलीय."

"एडीला आवडते ना ती."

खाणीच्या चिमणीजवळचा सिग्नल लाल होता; त्याने तो तसाच ओलांडला.

"मला वाटलं किंग ब्राउन," थोड्या वेळाने तो म्हणाला. "अजगराला नक्षी असते."

"हिच्या जातीला नसते, पॉप."

"मग सांगायचं ना आधी."

"आईने सांगितलं होतं. तूच म्हणालास, दाखवू नकोस."

मग नजर रस्त्यावरच ठेवून, अगदी हळू, "पोरी, तुला मी जोरात ढकललं का गं?"

"हो," एडी म्हणाली. "खूप जोरात."

कॉलने मान हलवली. कुत्र्याच्या वेळी नव्हता रडला. आता रडत होता आणि गाडी चालवत होता, आणि ब्रॉनीने त्याला गप्प राहा असं म्हटलं नाही, तसंच असू दे असंही म्हटलं नाही.

रॉबिनने दवाखान्याचं दार उघडलं. तिची नजर आधी सापावर गेली, मग ब्रॉनीच्या दोन्ही हातांवर. टेबलावर पांढरं कापड पसरलं, जखम धुतली, बोटाने चाचपली. मांस उघडं पडलं होतं, पण कणा शाबूत होता.

"टाके घालावे लागतील. जागा सुन्न करते, पण डोकं धरायला माणूस हवं. माझी मदतनीस रविवारी नसते." तिने कॉलकडे पाहिलं. कॉल दोन पावलं मागे सरला. एडी पुढे आली.

"तू नको, बाळ," रॉबिन म्हणाली. "ती झटकली तर तुला आवरायची नाही."

"मी धरते," ब्रॉनी म्हणाली.

सुई पहिल्यांदा आत गेली तेव्हा मॅव्हिसचं सगळं अंग लाटेसारखं उसळलं. ब्रॉनीचा उजवा हात ठणकत होता, डावा सुजून दंडाएवढा झाला होता. तिने पकड घट्ट केली नाही, सैलही केली नाही. दुसरा टाका. तिसरा. जीभ बाहेर येऊन तिच्या मनगटावरचं सुकलेलं रक्त चाचपून गेली, आणि ब्रॉनी तिच्याशी काहीबाही बोलत राहिली, एडीला ताप आला की बोलायची तसं. अकराव्या टाक्यानंतर ते थरथरणारं धड तिच्या हातावर सैलावलं, जड झालं.

रॉबिनने दोरा कापला. तिने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला आले होते. "तिला आज इथे ठेवते. उद्या संध्याकाळी न्यायला या," ती म्हणाली. "पेटी धुऊन कोरडी करून ठेवा."

एडीने दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं.

"आता तरी तो हात दाखव कोणाला," दारातून कॉल म्हणाला. "ब्रॉन. चल ना गं. गाडी चालू ठेवलीय."

"थांब जरा, बाबा," ब्रॉनी म्हणाली. "आत्ताशी कुठे शांत झालीय ती."