परतीची टोपली

एर्लिंदाबाईंनी पावाचा दुसरा तुकडा कॉफीत बुडवला आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, या घरात एवढा गोड पाव आला कुठून?

कोपऱ्यात मोठी टोपली होती. आत पाव, चॉकलेटच्या वड्या, वर दुसऱ्याच घरचं विणलेलं फडकं. सोलोलाच्या त्या डोंगरात शेंबड्या पोरालाही कळतं, अशी टोपली मागणी घालायला येते. ठेवून घेतली की पोरगी दिली, परत केली की नकार. आणि बाई त्यातलाच पाव खात बसल्या होत्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुणाची टोपली, माकारियो?”

“गिरणीवाल्यांची,” विसेंताचा बाप म्हणाला. “पहाटेच येऊन गेले. चांगलं घर आहे, बाई.”

“पोरगी नववीत आहे.”

“लग्न होईल सावकाश. तोवर तिकडे राहील, सासूच्या हाताखाली.”

बाई दर शनिवारी डोंगर चढून विसेंताचं गणित घ्यायला यायच्या ते काय यासाठी? आणि विसेंताला शिष्यवृत्ती देणाऱ्यांचा नियम तर त्याहून भारी: सोयरीक झाली की पैसे बंद. बापानं पोर द्यायची आणि शिक्षा पोरीनं भोगायची. राजधानीत खुर्च्या उबवत असले नियम करणाऱ्यांना बाई मनातल्या मनात लाखोली वाहत राहिल्या.

“तिची शाळा सुटेल, कळतंय ना?”

“शिष्यवृत्ती आज आहे, उद्या नाही. गिरणी रोज चालते.”

“मग तूच जा तिथं नांदायला.”

दारात उभी विसेंता हळूच म्हणाली, “मला नाही जायचं.”

“तुला कुणी विचारलंय?” बाप खेकसला.

“तेच तर म्हणतेय मी,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

खाली उतरून त्यांनी भट्टीवरून पाव आणला, खाल्लेल्याच्या जागी रचला. गिरणीवाल्यांचं फडकं घडी करून आत ठेवलं. माकारियो मजा बघत होता.

“न्या की. उपऱ्या बाईच्या हातची टोपली कोण परत घेणार? वर आमच्या घरचं फडकं लागतं.”

हे बाईंनाही ठाऊक होतं. घरात धडधाकट, शिकलेली बाई उभी, आणि एका कापडावाचून तिचं काही चालत नव्हतं.

विसेंताची आई तोमासा खांबाला माग बांधून विणत बसली होती. आता तिनं मागाचा कमरेला बांधलेला पट्टा सोडला. डोक्यावरचं स्वतः विणलेलं फडकं काढलं, टोपलीवर पसरलं आणि चारी बाजूंनी नीट खोचलं.

“तोमासा, वेड लागलंय तुला?” माकारियो उठला. “गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“टोपली घेताना मला विचारलं होतंस?” ती म्हणाली. “माझ्या लग्नाची टोपली आली, तेव्हा ती परत न्यायला कुणी आलं नव्हतं.”

माकारियो दारात आडवा आला. तोमासानं टोपली डोक्यावर घेतली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तो बाजूला होईपर्यंत ती तशीच उभी होती.

“बाजारातून जाऊ,” ती म्हणाली. “सगळ्यांना दिसू दे. विसेंता, दप्तर घे. येताना बाईंकडं गणित करून ये.”