नात्यातली संस्था

तिने अहवालाचं शेवटचं पान उलटलं, पेन्सिल कानामागे खोचली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली. पटलं की दुसऱ्यांदा वाचायचं, हा नियम तिचाच होता. पटलेल्या मजकुरातल्या चुकांकडे माणूस काणाडोळा करतो, असं ती नव्यांना बजावायची.

वर्तमानपत्राच्या पडताळणी विभागात तिचं काम एकच. बातम्यांत ज्यांचे दाखले येतात, त्या थिंक टँकांचा, म्हणजे धोरणांवर अहवाल लिहिणाऱ्या संस्थांचा, राजकीय कल ठरवायचा. पैसा कोणाचा, कार्यकारिणीवर कोण, आणि मुख्य म्हणजे देणगीदाराला झोंबेल असं ही मंडळी कधी लिहितात का? ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हेच बहुतेकांचं धोरण.

हातातला अहवाल ज्या संस्थेचा, तिच्यावर ‘सत्ताधाऱ्यांकडे झुकलेली’ हा शेरा तिनेच मारला होता. पुढे धाकटा भाऊ तिथेच रुजू झाला.

“ताई, आता तरी शेरा बदल.”

“पुरावा दाखव.”

“तुला भाऊ नकोच, पुरावाच हवा,” म्हणून त्याने फोन ठेवला, तो ठेवलाच.

तेव्हापासून संस्थेचे अहवाल हीच त्याची खुशाली. ते फक्त वृत्तपत्रांना मिळत. ‘एवढं मात्र खरं’ हे त्याचे लाडके शब्द दिसले, की हे प्रकरण त्याचं, हे तिला कळायचं. ते ती पुरवून पुरवून वाचायची. अशा दिवशी संध्याकाळी घर जास्तच रिकामं वाटायचं.

आज त्याने सरकारी घरबांधणी योजनेचे वाभाडे काढले होते. संस्थेचा सर्वांत मोठा देणगीदार त्याच योजनेचा ठेकेदार. पुरावा समोर होता. दुसऱ्यांदा वाचतानाही तिला आनंद झाला. तिसऱ्यांदाही झाला, तेव्हा तिने कानामागची पेन्सिल काढून खाली ठेवली.

“वकीलसाहेब, ही फाईल तुम्ही घ्या.”

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला उलटतपासणीची खोड होती, म्हणून हे नाव.

“का बुवा? ही तर तुमच्या हातखंड्याची.”

“मला तटस्थ राहता येणार नाही. धाकटा भाऊ आहे तिथे.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तोही बोलत नव्हता.”

नियमाप्रमाणे आता त्या संस्थेचा कागदही तिच्याकडे येणार नव्हता. फाईल देण्याआधी तिने ‘एवढं मात्र खरं’ असलेली ओळ पुन्हा एकदा वाचली.

शेरा बदलण्याआधी संस्थेची बाजू फोनवर ऐकायची, तीही स्पीकर लावून, सगळ्यांसमोर, ही विभागाची रीत. वकीलसाहेबांनी फोन लावला. पलीकडे भाऊच होता. एवढ्या वर्षांत आवाज जाड झाला होता. ती जागची हलली नाही.

“आमचं काम नेहमी त्या बाई बघायच्या,” तो म्हणाला.

“त्यांनी फाईल सोडली. भाऊ आहे तिथे, म्हणाल्या.”



“असं स्वतः म्हणाली?”

“स्वतः. शेऱ्याचं आता मी बघणार आहे.”

“बघा तुमच्या सवडीने.” मग तो म्हणाला, “एक विचारू? तिने डबा खाल्ला का? वाचायला बसली की विसरते.”

पडताळल्याशिवाय बोलायची वकीलसाहेबांना सवय नव्हती. त्यांनी वळून तिच्या टेबलाकडे पाहिलं.

“नाही खाल्ला,” त्यांनी सांगितलं.

तिने डबा पुढे ओढला आणि झाकण उघडलं, फोनपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात.