चिमट्याचे आभार

जस्त आणि लोखंडाच्या नायट्रेटचं पाणी चारशे अंशांवर तापलेल्या काचेवर फवारायचं, की झिंक फेराइटचा तपकिरी थर बसतो. कोल्हापुरात प्रणोती शिंत्रेनं पाच वर्षं एवढंच केलं. झिंक फेराइट एरवी चुंबकाला दाद देत नाही. तिचा थर देत होता. अख्खा प्रबंध त्या एका गोष्टीवर उभा होता आणि मंगळवारी तो जमा करायचा होता.

महिन्यापूर्वी एका काचेच्या कडेला तिला करडी रेघ दिसली. रेघ काचा उचलायच्या स्टीलच्या चिमट्याची होती. तिनं दोन काचा चुंबकत्व मोजायला पुण्याला पाठवल्या: एक कोरी, पण चिमट्यानं उचललेली, दुसरी थराची, पण चिमटा न लागलेली. आज निकाल आला. थराची काच गप्प होती. कोऱ्या काचेत चुंबकत्व होतं, थेट प्रबंधातल्याइतकं. म्हणजे पाच वर्षं तिनं चिमट्याचं काचेला लागलेलं लोखंड मोजलं होतं.

तिनं कागद यादवाडकर सरांपुढे ठेवले. तिचे मार्गदर्शक. त्यांनी ते दोनदा वाचले.

"कोरी काच मोजायला तुला सांगितलं होतं कुणी?"

"नाही सर. पण आता जमा कसं करायचं?"

"तुझ्याआधी सहा जण याच चिमट्यावर डॉक्टर झालेत. दोघं प्राध्यापक आहेत. त्यांना काय सांगू? घरी बसा म्हणून?" सरांचा आवाज चढला आणि मग पार खाली आला. "मलाही माहीत नव्हतं गं. शप्पथ."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. कीव आली, आणि स्वतःची किळस.

"आभाराच्या पानावरची ती चिमट्याची ओळ तेवढी काढ," सर म्हणाले.

ती ओळ पिराजीमामांची होती. बारा वर्षांपूर्वी प्लास्टिकचा चिमटा हॉटप्लेटवर वितळला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या या शिपायानं भावाच्या घड्याळाच्या दुकानातून स्टीलचा आणून दिला होता. इतक्या वर्षांत त्यांचे आभार मानायचं फक्त हिलाच सुचलं होतं. तिनं संगणकावर ती ओळ काढली. खालची ओळ मुकाट्यानं वर सरकली.

पिराजीमामा बेसिनपाशी भांडी विसळत होते.

"ताई, नाव छापून येणार न्हवं आमचं? पोरीला दावायचं हाय."

"येणार की, मामा."

मामा खूश झाले. त्यांनी चिमटा घासून, फडक्यानं कोरडा करून तिच्यासमोर धरला. "बगा, कसा चकचकीत झालाय! उद्या संशोधनाला नव्या मॅडम येणार हैत, त्यांस्नीबी ह्योच देतो. तुमचा हातगुण लागलाय ह्याला."

देऊ नका, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं.

"द्या," ती म्हणाली.