दहाव्या दिवसाची सही

सूड वाईट, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्या तोंडावर कुणी थुंकलं नाही, त्यांनी खुशाल म्हणावं.

माझं नाव शांतव्वा. कोल्हापूर संस्थान विलीन झालं, त्या साली मी डॉक्टर यज्ञेश्वर माणगावकरांच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले. मंगळवार पेठेत दुमजली घर, खाली दवाखाना, वर आठ खाटा. डॉक्टर हुशार होते, हे मी आजही नाकारत नाही. पण बाळंतपण म्हणजे अर्धं काम वाट बघायचं, आणि वाट बघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळं दहातली आठ बाळंतपणं मीच करायची.

आमच्याकडं बाळंतीण सव्वा महिन्यानं घराबाहेर पडली, की जिनं तिला सोडवलं तिला खण-नारळ देते. मी विधवा. माझी ओटी भरायची कशी, हा बायकांना पेच पडायचा. त्यांनी तो आपापसांत सोडवून टाकला. खण ओटीत घालायचा नाही, हातात ठेवायचा. दोन वर्षांत माझी ट्रंक खणांनी भरली.

वरच्या मजल्यावर टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असायचं. त्यातला शेवटचा रकाना होता, 'प्रसूती कोणी केली'. तो रकाना डॉक्टर स्वतः भरायचे, तोही दहाव्या दिवशी, बाई घरी जायला निघाली की. बाई हसत निघाली तर स्वतःची सही. तिला ताप चढला असेल, किंवा ती गेली असेल, तर लिहायचे 'नर्स'. तिसरी-चौथी मुलगी झाली आणि घरच्यांची तोंडं उतरली, तरी 'नर्स'. मला हे सगळं दिसत होतं. मोठ्या माणसाला मिरवायची हौस असते, मिरवू दे, असं म्हणून मी सोडून देत होते. तो माझा मूर्खपणा, आणि तोच मला भोवला.

पन्नास सालच्या चैत्रात डॉक्टरांच्या बायकोला, लीलाबाईंना, कळा सुरू झाल्या. डॉक्टर खासबागेत कुस्त्या बघायला गेलेले. बोलावणं धाडलं, तर शेवटची जोड सुटल्यावर येतो म्हणाले. जोड सुटायच्या आत मुलगा झाला. तो निरोप मैदानात पोचला तेव्हा डॉक्टरांनी फेटा हवेत उडवला आणि सोबतच्या सगळ्या डॉक्टर मित्रांना तिथंच जिलबी चारली. ही गोष्ट पुढं त्यांनी गावभर शंभर वेळा सांगितली असेल. दहाव्या दिवशी मात्र रजिस्टरात स्वतःची सही ठोकली. मी दौत घेऊन शेजारीच उभी होते. मला हसू आलं. लीलाबाईंनी सव्वा महिन्यानं माझ्या हातात हिरवा खण ठेवला, त्याला जांभळा काठ होता.

पुढच्या साली पावसाळ्यात रत्नव्वा आली. शाहूपुरीतले गुळाचे अडते सिद्धलिंग, त्यांची बायको. पहिलटकरीण, भित्री, माझा पदर सोडायची नाही. खाली डॉक्टर एका माणसाच्या पाठीवरचं गळू कापत होते. त्यांना कुठंतरी जेवायला जायचं होतं, घाई होती. हात टॉवेलला पुसले आणि तसेच वर आले. मी गरम पाणी आणि साबण पुढं केला.

"आधी हात धुवा, डाक्टरसाहेब. पू काढून आलाय तुमी."

"मला शिकवू नकोस," म्हणाले, आणि त्याच हातांनी बाळंतपण उरकलं.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी रत्नव्वाला थंडी वाजून ताप भरला. औषधं झाली, सुया झाल्या. सातव्या दिवशी ती गेली, आणि रजिस्टरात लिहिलं गेलं, 'नर्स'.

त्याच वर्षी गावातल्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा जमायचं आणि आपापल्या केसेस एकमेकांपुढं मांडायच्या, असं ठरवलं होतं. ठरवलं ते चांगलंच. एकाला उमगलं ते दहांना कळलं, तर चार बाया जास्त जगतील. माणगावकरांनी तिथं बाळंतज्वरावर पेपर वाचला. डॉक्टरांच्या हातची बाळंतपणं दोनशे बारा, ज्वर एकीलाही नाही. नर्सच्या हातची एक्केचाळीस, ज्वर सतरा जणींना. सबब, ज्वर नर्सच्या हातून येतो. म्हणे टाळ्या पडल्या. आठवड्याच्या आत मला काढलं.

गावात बातमीला पाय नसतात, तरी ती पळते. दोन दिवसांनी सिद्धलिंग माझ्या दारात आले. आत आले नाहीत. "ह्याच हातांनी माझी बायकू मारलीस की गं," म्हणाले, आणि माझ्या तोंडावर थुंकले. शेजारपाजारच्या बाया बघत होत्या. त्यातल्या दोघींची बाळंतपणं मी केलेली. एकीनंही तोंड उघडलं नाही.

मी ट्रंक उचलली आणि मलकापूरच्या दवाखान्यात नोकरी धरली. पाच वर्षं तिथं राहिले. त्या पाच वर्षांत मी देवाजवळ न्याय मागितला नाही. न्याय म्हणजे दोघांचंही ऐकून घेणं, आणि मला माणगावकरांचं काही ऐकायचंच नव्हतं. मला त्यांना चारचौघांत, त्यांच्याच माणसांपुढं, खाली बसलेलं बघायचं होतं.

छप्पन साली ती वेळ आली. माणगावकर तोच पेपर वाढवून पुन्हा वाचणार होते. नंतर तो मुंबईच्या मासिकात छापायला जाणार होता, म्हणजे गावोगावचे डॉक्टर तो वाचून आपापल्या नर्सेसकडं बोट दाखवणार. जिल्ह्यातल्या नर्सेस आणि सुइणींनाही बोलावणं होतं, आम्हाला शहाणपण यावं म्हणून. मलकापूरच्या दवाखान्यालाही कागद आला. मी ट्रंकेतून हिरवा खण काढला आणि गाडीत बसले.

सभागृह भरलं होतं. पुढं कोटवाले डॉक्टर, मागं आम्ही बाया. अध्यक्षस्थानी डॉक्टर अंबादास, गावातले सर्वांत वडील डॉक्टर, फटकळ म्हणून नावाजलेले. टेबलावर पुरावा म्हणून तेच रजिस्टर ठेवलेलं. बाजूला माणगावकरांचा कंपाउंडर आकाराम उभा, माझ्या वेळेपासूनचाच. माणगावकर झकास बोलले. शेवटी हसून म्हणाले, "कुणाला काही शंका?"

मी उठले. 

"डाक्टरसाहेब, तुमच्या मुलाचं बाळंतपण कुणाच्या रकान्यात धरलंय?"

त्यांनी मला ओळखलं. चेहरा जरा हलला, मग पुन्हा जागेवर आला. "माझ्या. मी स्वतः केलं ते. सही आहे, बघून घ्या."

मी चालत पुढं गेले आणि खण रजिस्टरावर ठेवला. "मग बाईसाहेबांनी हा खण मला का दिला? सोडवणारीला देत्यात त्यो. आन त्या दिवशी खासबागेत डाक्टरसाहेबांची जिलबी कुणी कुणी खाल्ली, त्यांनी हात वर करा की!"

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांच्या खुर्चीतून एक सुरकुतलेला हात वर आला.

"मी खाल्ली," डॉक्टर अंबादास म्हणाले. "दोन वेढे खाल्ले. यज्ञेश्वर माझ्या शेजारीच बसलता. कुस्ती सुटंपतूर हालला न्हाय."

दुसऱ्या रांगेतून एक हात वर आला. मग आणखी दोन. मी मोजले नाहीत, पण माणगावकर मोजत असावेत, कारण त्यांची नजर एकेका हातावर थांबत होती.

"ही एक केस," ते म्हणाले. "घरची. मायेपोटी."

"मायेपोटी न्हाय," मी म्हटलं. "सही दहाव्या दिवशी हुती. बाई धड घरी गेली तर यांची, तापली तर माझी. बगा की, सहीची शाई बाळंतपणाच्या ओळीची हाय, का घरी जायच्या तारखेची."

डॉक्टर अंबादासांनी चष्मा चढवला आणि रजिस्टर पुढं ओढलं. पानं उलटत गेले. जन्माची ओळ निळ्या शाईत माझ्या अक्षरात, सही काळ्या शाईत, आणि शेजारची घरी सोडल्याची तारीखही काळ्याच शाईत. पाचसहा पानांनंतर त्यांनी चष्मा काढला. समोर बसलेले सगळे डॉक्टर होते, त्यांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. निकाल बघून नाव लावलं, की हवा तो निष्कर्ष निघतो.

"आता रत्नव्वा काढा," मी म्हटलं. "एक्कावन्न साल, आषाढ."

पान निघालं. मी आकारामकडं बघितलं. त्याला बायको होती, तीन पोरं होती, आणि पगार माणगावकर देत होते.

"गळू कापताना भांडं मी धरलतं," आकाराम जमिनीकडं बघत म्हणाला. "डाक्टर तसंच वर गेलं. शांतव्वानं पाणी दिलतं. त्यांनी हात धुतलं न्हाईत."

डॉक्टर अंबादासांनी आपल्या खिशातलं पेन काढून माणगावकरांपुढं धरलं. "खरं काय ते लिहा. मग घरी जा."

माणगावकर माझ्याकडं बघत राहिले. मी दया दाखवीन असं त्यांना वाटलं असावं. मी बोटानं रकाना दाखवला. त्यांनी 'नर्स' खोडलं, वर आपलं नाव लिहिलं, आणि मटकन खाली बसले. पाच वर्षं मी जे डोळ्यांपुढं आणत होते, ते असं दिसलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी माझा खण उचलला आणि बाहेर पडले.

मलकापूरची गाडी सुटायला अवकाश होता. मी स्टँडवर बसले होते, तेवढ्यात सिद्धलिंग आले. बातमी माझ्या आधी शाहूपुरीत पोचली होती. सोबत पाच वर्षांची मुलगी, डोळे थेट रत्नव्वाचे. त्यांच्या हातात कोरा खण आणि नारळ होता.

"अक्का," ते म्हणाले. "चुकलं माजं. रत्नव्वाचं ऱ्हायलंतं, ते घ्या."

मी खणाकडं बघितलं. सुंदर होता, भारीतला. माझ्या तोंडावरची ती थुंकी मला अजून जाणवत होती.

"खण सोडवणाऱ्याला देत्यात, सावकार. तुमच्या रत्नव्वाला मी न्हाय सोडवली. आता तर लिवलंय तसं. ज्यानं सोडवली, त्याच्या दारात नेऊन द्या."

ते मुलीचं बोट धरून मंगळवार पेठेच्या दिशेनं चालू लागले.

पुढचं मला आकारामनं सांगितलं. तिथली नोकरी सोडून तो पुढच्या महिन्यात मलकापूरलाच आला. डॉक्टरांनी तो खण घेतला का, असं मी विचारलं.

"घेतला की," आकाराम म्हणाला. "न्हाय कसं म्हणतील? पोरीनं दोन्ही हातांनी पुढं केलता."